गावाच्या संमतीने

आठ वर्षं बैत महावीच्या लोकांनी पाण्यासाठी आभाळाकडे तोंड वासलं, आणि नवव्या वर्षी पाणी आलं ते थेट नाकातोंडात जायला. वरच्या धरणवाल्यांचा कारभारच असला. दुष्काळात एक थेंब सोडायचा नाही, आणि धरण उतू जायला लागलं की सगळे दरवाजे एकदम उघडायचे. वर फोन करून सांगायचं की बाबांनो, आठवड्याभरात आवरा. आवरा म्हणजे काय आवरा? गहू उभा होता. ओंब्या पिवळ्या पडल्या होत्या, अजून तीन आठवडे मिळाले असते तर कापणी उरकली असती. सातशे हेक्टर गहू, एकशे दहा घरं, चारशेच्या वर म्हशी. एवढं सगळं उचलून कुठे ठेवायचं ते फोनवाल्यानं सांगितलं नाही.

पूर्वी पुराला कुणी भीत नसे. नदी फुगायची आणि गावाच्या पूर्वेला हौरात पसरायची. ती दलदल एवढी अफाट की कितीही पाणी आलं तरी तिचं पोट भरायचं नाही. वेत माजायचा, मासे माजायचे, म्हशी महिनाभर पाण्यातून बाहेर निघायच्या नाहीत. मग हौराखाली तेल सापडलं. कंपनीनं हौर सुकवला, भराव टाकून रस्ते केले, तेलविहिरी खोदल्या आणि भोवती भक्कम बांध घातला. तेव्हापासून हौरातून वारा सुटला की गावाच्या नाकात नुसती धूळ. आता नदी आपल्या जुन्या घरी निघाली होती आणि तिथे दाराला कुलूप होतं.

म्हणजे गोष्ट शेंबड्या पोरालाही कळेल अशी होती. पाणी कुठेतरी सोडावं लागणार. पूर्वेचा कंपनीचा बांध फोडला तर हौर भरेल आणि विहिरी दोनतीन महिने बंद राहतील. पश्चिमेचा फोडला तर बैत महावी बुडेल.

पश्चिमेचा बांध गावानं स्वतःच्या हातांनी उंच केला होता. सहा दिवस लागले. पिठाची पोती, साखरेची पोती, गाद्यांच्या खोळी, नवरीच्या रुखवतातल्या उशांचे अभ्रे, जे मिळेल त्यात माती भरली. बायका शिवत होत्या, पुरुष खांद्यावरून वाहत होते आणि मधेच कुणीतरी पाय आपटून वंशाची आरोळी ठोकायचा की सगळे एका ठेक्यात नाचत ओझं उचलायचे. झायर खलफ अडुसष्ट वर्षांचा. मशहदची यात्रा करून आल्यापासून सगळे त्याला झायर म्हणायचे. गावातला शेवटचा शब्द त्याचा. त्याला ओझं उचलायची कुणी परवानगी देत नव्हतं, तर हा गडी चहाच्या किटल्या घेऊन बांधावर फिरत होता आणि थांबलेल्याला शिव्या घालत होता.

"अरे ए गाझी, पोत्यावर बसायला आलायस की पोतं भरायला?"

"झायर, माझ्या वजनानं बांध दाबला जातोय की नाही बघा!"

चौथ्या दिवशी कंपनीच्या बाजूनं दोन पोकलेन यंत्रं आली होती, थेट पश्चिमेच्या बांधावर. गावचे पुरुष त्यांच्या पुढ्यात आडवे झोपले. पुढच्या यंत्राचा चालक खाली उतरला, कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "मला पण पोरं आहेत, बाबांनो. मी नाही घालायचो." यंत्रं परत गेली. त्या दिवसापासून बांधावर रोज दोनशे माणसं बसायची. पाळ्या लावल्या होत्या. खलफचं म्हणणं एकच होतं: माणसं आहेत तोवर बांध आहे. बांधाला पोत्यांनी नाही, माणसांनी धरून ठेवलंय.

आणि ते खरंच होतं. पुढे जे झालं त्यावरून कळतंच.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास हातिमची पांढरी गाडी मुदीफपुढे येऊन थांबली. मुदीफ म्हणजे गावची वेताची बैठक, खलफच्या बापानं बांधलेली. हातिम हा खलफच्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ म्हशी हाकताना लढाईतल्या जुन्या सुरुंगावर पाय पडून गेला, तेव्हा हा सात वर्षांचा होता. त्याच्याही आधी, तो तान्हा असताना त्याची आई जमीला आजारी पडली होती, तेव्हा खलफच्या बायकोनं, वबरियानं, एका बाजूला आपला मिझबान आणि दुसऱ्या बाजूला हातिम असं दोघांना अंगावर पाजलं होतं. पुढे कंपनीनं खलफची बारा हेक्टर जमीन विहिरीसाठी घेतली आणि बदल्यात घरटी एक नोकरी देऊ केली. खलफनं मिझबानला नाही, हातिमला पुढे केलं. "माझ्या पोराला बाप आहे," एवढंच तो म्हणाला होता. मिझबान तेव्हापासून म्हशीच्या दुधाचा टेंपो चालवतो. हातिम शिकला, इंजिनिअर झाला, आणि आता कंपनीच्या आपत्ती विभागात साहेब होता.

बैठकीत तीसेक पुरुष होते, रात्रपाळी करून आलेले, डोळे तांबारलेले. हातिम आत आला, सगळ्यांना वाकून सलाम केला, काकाच्या खांद्याचं चुंबन घेतलं आणि शेजारी बसला. कडू कॉफीचा बारका पेला त्याच्या हातात आला. त्यानं तो तोंडाला लावला नाही. समोर चटईवर ठेवला आणि खाली मान घालून बसला.

बोलणं तिथल्या तिथे थांबलं.

आता आमच्याकडे पाहुण्यानं कॉफी खाली ठेवली म्हणजे त्याला काहीतरी मागायचं असतं, आणि ते मिळाल्याशिवाय तो पिणार नाही. यजमानानं "दिलं, पी" म्हणायचं असतं. ते सुद्धा मागणं ऐकण्याच्या आधी. आधी ऐकून मग देणारा तो वाणी, आधी देऊन मग ऐकणारा तो घरधनी, असं जुने लोक म्हणायचे. या बैठकीत पेले खाली ठेवले गेले ते बहुतेक दोनच कामांसाठी: खुनाची माफी मागायला, नाहीतर मुलगी मागायला. हातिमनं कुणाचा खून केला नव्हता आणि तो छत्तीस वर्षांचा अविवाहित होता. तेव्हा तिसांपैकी पंचवीस चेहऱ्यांवर हसू फुटलं. हाजी गाझीला तीन लग्नाच्या मुली. तो पटकन सरळ बसला आणि त्यानं डोक्यावरचा रुमाल नीट केला. वेताच्या भिंतीपलीकडून बायकांची कुजबुज ऐकू आली.

खलफला भरून आलं. पूर दाराशी, गाव जागून जागून अर्धमेलं, आणि अशा वेळी पोरगा सोयरीक मागायला येतो! भावाची आठवण झाली. तो मोठ्यानं हसला.

"अरे पी, लेका! दिलं! जे मागशील ते दिलं. माझ्या डोळ्यांवर!"

हातिमनं पेला उचलला, एका घोटात संपवला, बस म्हणून पेला हलवून परत दिला. मग म्हणाला, "काका, बांधावरची माणसं खाली उतरवा. आज दुपारच्या नमाजापासून असरच्या नमाजापर्यंत. चार तास."

कुणालाच कळेना काय ऐकलं ते. गाझीचा आ वासलेलाच राहिला.

"काय म्हणालास?" खलफ म्हणाला.

"वरून मोठे साहेब हेलिकॉप्टरनं येतायत. निर्णय झालाय, काका. पूर्वेचा बांध कापायचाय, हौराच्या बाजूचा. मी कागद पाहिलाय. पण ही गर्दी बघून साहेब बिथरतात. त्यांना वाटतं इथे दंगा होईल. चार तास माणसं घरी गेली की ते येतील, बघतील, हुकूम देतील, जातील. माणसं पुन्हा बसवा हवी तर."

"पूर्वेचा?"

"पूर्वेचा."

खलफच्या तोंडाशी आलं होतं: हजरत अब्बासची शपथ घे. ती खोटी घेण्याची हिंमत आमच्यात कुणाची नाही. पण दिलं म्हटल्यावर शपथ मागायची म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर थुंकायचं. आणि पाहुणा तरी कोण? ज्याला आपल्या घरात पाजला, वाढवला तो. शब्द गेला होता. तीस माणसांनी ऐकला होता. खलफनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "उतरवा."

हातिम गेल्यावर वबरिया आत आली. पुरुषांच्या बैठकीत असं येत नाहीत, पण ती पासष्टची झाली होती आणि तिला कुणाच्या बापाची भीती नव्हती.

"तो काय मागतोय ते ऐकून तरी घ्यायचं होतंत!"

"असं ऐकून घेतात का कधी? माझ्या बापानं घेतलं होतं? माझ्या आजानं?"

"तुमच्या आजाकडे कंपनीचा इंजिनिअर आला होता का मागायला?"

"वबरिया, तो आपला हातिम आहे. तुझं दूध प्यालाय तो."

"दूध प्याला ते मला ठाऊक आहे, मी पाजलंय," ती म्हणाली. "त्यानं सबंध वेळ तुमच्याकडे एकदा तरी डोळा भिडवून पाहिलं का, ते सांगा."

खलफ चिडला. चिडला, कारण त्यानंही ते पाहिलं होतं.

दुपारी माणसं बांधावरून उतरली. कुरकुर झाली, शिव्या झाल्या, मिझबान तर उघड म्हणाला, "बाबा, हे मला पटत नाही." पण झायरचा शब्द मोडायचा म्हणजे गावाचा शब्द मोडायचा. माणसं घरी गेली, सहा दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकून जेवली. भात, वाळवलेले मासे, ताक. किती जण जेवता जेवताच झोपले. खलफ मात्र मुदीफच्या दाराशी हेलिकॉप्टरच्या आवाजासाठी कान देऊन उभा राहिला.

हेलिकॉप्टर आलंच नाही. तीनच्या आधी आवाज आला तो पोकलेनचा. आणि तो पश्चिमेकडून आला.

माणसं उठेपर्यंत, पायात चपला घालेपर्यंत, टेंपो सुरू करून बांधापर्यंत पोचेपर्यंत चार यंत्रांनी साठ पावलांचं खिंडार पाडलं होतं. यावेळी चालक परक्या प्रांतातले होते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना बंदूकवाले उभे होते. पिठाची पोती, उशांचे अभ्रे सगळं तपकिरी पाण्यात गरगरत गेलं. आधी गव्हात पाणी शिरलं. गहू काही पडला नाही, नुसता डुलला आणि हळूहळू दिसेनासा झाला. गाझी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून लहान मुलासारखा रडत होता. म्हशी तेवढ्या आनंदात होत्या. त्या मूर्ख जनावरांना वाटलं हौर परत आला.

वबरियाला एवढ्या धावपळीत जमीलाची आठवण झाली. हातिमची आई मंगळवारीच शहरात गेली होती, डोळे तपासायला, लेकानं नेलं होतं. तिच्या घरात कुणी नाही, निदान तिच्या गाद्या, पेटी तरी माळ्यावर टाकू, म्हणून ही बाई गुडघाभर पाण्यातून तिच्या घरी गेली. आली ती रिकाम्या हातानं. खलफपुढे उभी राहिली. पाणी तिच्या काळ्या अबायावरून गळत होतं.

"जमीलाचं घर रिकामं आहे," ती म्हणाली. "गाद्या नाहीत. लग्नाची पेटी नाही. शिलाई मशीन नाही. मला सांगा, डोळे तपासायला शिलाई मशीन लागतं का?"

 खलफनं मिझबानचा खांदा धरला. मंगळवारी! म्हणजे मंगळवारीच ठरलं होतं. गुरुवारी पोरगा आला, खांद्याचं चुंबन घेतलं, पेला खाली ठेवला, आणि त्याला सगळं ठाऊक होतं. लोक केसानं गळा कापतात म्हणतात तो हा असा. बरं, सुरी दाखवली असती तर माणूस निदान हात तरी आडवा घालतो.

गाव बसमध्ये भरत होतं तेव्हा हातिम सापडला. अंगात नारिंगी जाकीट, हातात नावांची यादी. म्हाताऱ्यांना हात देऊन बसमध्ये चढवत होता. खलफला पाहून तो पळाला नाही, हे मात्र खरं.

"पूर्वेचा म्हणालास."

"काका, चढा आधी. पाणी वाढतंय."

"पूर्वेचा म्हणालास तू!"

"म्हणालो," हातिम हळू आवाजात म्हणाला. "दुसरं काय म्हणणार होतो? पश्चिमेचा म्हटलं असतं तर तुम्ही उतरला असतात? बांध आज कापला जाणारच होता. माणसं बसलेली असती तर गोळीबार झाला असता. मी वीस मढी पडायची वाचवली, काका. वीस! त्यात मिझबान असता. तिकडे तीनशे विहिरी आहेत, सबंध देश त्यांच्यावर जगतो. तिथे आपल्या गव्हाला कोण विचारतो?"

"मग हे मला का नाही सांगितलंस? असं बोलून का नाही मागितलंस?"

हातिमनं यादीवर नजर वळवली. "तुम्ही ऐकलं नसतंत."

"न ऐकायचा मला हक्क होता!" खलफ ओरडला. बसमधली माणसं बघायला लागली. "तो तू माझ्याकडून काढून घेतलास. गहू नेलास तो नेलास. माझा शब्द नेऊन पोकलेनला जुंपलास, मुडद्या!"

 हातिमनं गाझीच्या धाकट्या मुलीला उचलून बसमध्ये ठेवलं आणि यादीत खूण केली.

पुढे छावणी. माळरानावर पांढऱ्या तंबूंच्या रांगा, दिवसा भट्टी आणि वारा सुटला की तोंडात वाळू. पाण्याचा टँकर, डब्यातला भात, रांगा. लोक खलफशी वाईट वागले नाहीत. उठून जागा द्यायचे, चहा द्यायचे. पण त्याच्या तंबूत बसायला कुणी येईना, आणि तो कुणाच्या तंबूत गेला की बोलणं बदलायचं. गाझी तर एकदा म्हणालाच, "झायर, तुमची दिलदारी आम्हाला भारी पडली हो." हसत म्हणाला होता. खलफला ते रात्रीपर्यंत बोचत राहिलं.

तिसऱ्या आठवड्यात बातमी आली की राजधानीहून चौकशीचा साहेब येणार आहे. बांध कुणाच्या हुकमानं कापला आणि गावाला विचारलं होतं का, एवढंच तो तपासणार. गावाला न विचारता कापला असेल तर कंपनीला नियमानं गाव पुन्हा उभं करून द्यावं लागेल: घरं, पेरणी, बांध, सगळं आपल्या जागेवर. गावाच्या संमतीनं कापला असेल तर मदत म्हणून जे मिळेल ते. खलफच्या अंगात तीन आठवड्यांनी जीव आला. त्यानं दाढी नीट केली, वबरियाकडून आपला पायघोळ डिशदाशा स्वच्छ धुऊन घेतला.

"उद्या मी सगळं सांगतो. अगदी पेला खाली ठेवल्यापासून. माझी अक्कल काढतील, काढू देत. तुम्ही फक्त मागून हो म्हणा," त्यानं मिझबानला सांगितलं.

मिझबान पोराच्या अंगावरची घामोळी पाहत होता. दोन्ही पोरं तापानं फणफणली होती. "बाबा," तो म्हणाला, "असा दावा किती वर्षं चालतो?"

"चालेना का! गाव आपलं आहे."

"गाव पाण्याखाली आहे," मिझबान म्हणाला.

त्या दिवशी संध्याकाळी हातिम छावणीत आला होता. तंबूतंबूत जाऊन बसत होता, चहा घेत होता. खलफनं लांबून पाहिलं. त्याला वाटलं, पोराला लाज वाटत असेल, माफी मागत फिरत असेल. आपल्या तंबूत आला तर काय बोलायचं याची त्यानं तयारीसुद्धा केली. हातिम त्याच्या तंबूत आला नाही.

सकाळी मोठ्या तंबूत टेबल मांडलं होतं. साहेब चांगला माणूस दिसत होता, पन्नाशीचा, वाळूनं डोळे लाल झालेला. तो फारसीत बोलायचा, आमचं गाव अरबीत. खलफला फारसी बाजारापुरती येत होती, तीसुद्धा मोडकी. साहेबानं विचारलं, दुभाष्या कोण? आणि हातिम पुढे येऊन टेबलाशेजारी उभा राहिला. आयुष्यभर तोच तर उभा राहायचा. दवाखान्यात, कचेरीत, जमिनीच्या कागदाला, सगळीकडे काकाची फारसी तोच होता.

खलफनं मागे वळून पाहिलं. चाळीसेक पुरुष बसले होते. त्यांतले निम्मे शाळेत गेलेले, फारसी पाण्यासारखी बोलणारे. बरंय, तो मनात म्हणाला. एवढे कान आहेत. हा काय फसवणार?

तो बोलला. पाऊण तास बोलला. बांध कसा बांधला, यंत्रं कशी परत गेली, पेला खाली कसा ठेवला गेला, पूर्वेचा म्हणून कसं सांगितलं, जमीलाचं शिलाई मशीन कसं आधीच निघून गेलं. हातिमचं नाव घेऊन बोलला. हातिमच्याच तोंडाकडे बघत बोलला. बोलताना दोनदा त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

हातिमनं ऐकून घेतलं. मग साहेबाकडे वळून तो चार वाक्यं बोलला. चारच! खलफला त्यातलं संमती कळलं, खुशी कळलं, गोळीबार कळलं. साहेबानं मान डोलावून लिहून घेतलं.

खलफ मागे वळला. "सांगा रे त्याला! हा काय बोलला ते ऐकलंत ना?"

कुणी हललं नाही. गाझी आपल्या चपलेकडे बघत होता. शाळामास्तर चष्मा पुसत होता. रात्रपाळीला बांधावर ज्यांच्याबरोबर खलफ एका ताटात जेवला ते सगळे खाली मान घालून बसले होते. टेबलावर हातिमच्या हाताखाली यादी होती, शहराच्या कडेच्या नव्या वसाहतीत कुणाला कोणतं घर त्याची. कंपनीला चाळीस पहारेकरी हवे होते, त्यांचीही नावं तिच्यातच होती. आदल्या संध्याकाळी तंबूतंबूतून तीच यादी फिरली होती. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. ते असे फिरतात, बिलकूल आवाज न करता.

मग खलफ स्वतःच साहेबाकडे वळला आणि आपल्या मोडक्या फारसीत म्हणाला, "साहेब, हा खोटा. हा खोटा. मी हे नाही बोललो."

साहेबाची लेखणी थांबली. त्यानं आधी हातिमकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे, मग समोरच्या माणसांकडे. "यांच्या घरचं कुणी आहे का इथे?" त्यानं विचारलं.

मिझबान उठला. खलफच्या छातीतलं ओझं उतरलं. काय झालं तरी माझा पोरगा आहे, त्याला वाटलं, पहिल्यापासून हाच म्हणत होता पटत नाही म्हणून. वेडा माणूस मी, नोकरी याला द्यायची होती.

"तुम्ही मुलगा का? हे म्हणतात ते काय आहे?"

मिझबान फारसी चांगली बोलायचा. हळू, स्पष्ट बोलला. त्यातला शब्द न् शब्द खलफला कळला.

"बाबांचं वय झालंय, साहेब," मिझबान म्हणाला. "घर गेल्यापासून ते असंच काहीबाही बोलतात. हातिमनं सांगितलं तेच बरोबर आहे."

साहेबाला खरोखर वाईट वाटलं. तो स्वतः उठला, त्यानं म्हाताऱ्याला खुर्ची दिली, पाण्याचा पेला दिला. मग पंचनाम्याचा कागद पुढे सरकवला, त्यावर गावच्या वडीलधाऱ्याच्या बोटाचा ठसा हवा होता. हातिमनं काकाचं मनगट धरलं, बोट शाईत बुडवलं आणि कागदावर टेकवलं. खलफनं हात काढून घेतला नाही. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं, तो मिझबानकडे बघत होता, आणि मिझबान केव्हाच खाली बसला होता.